दोन वाजता निघायचं होतं : बॅकवॉटरमधल्या एका टोल्यावरच्या भेटीचं प्रकरण

नऊ जण एका दिवसासाठी गेलो होतो, तिसऱ्या दिवशी परतलो. कोणी बुडालं नाही, कोणाला साधं खरचटलंही नाही. महाविद्यालयाच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं. ‘सर्व सुखरूप’ असा शेरा पडला आणि फाईल कपाटात गेली. पण आम्ही सुखरूप राहिलो त्याचा खर्च दुसऱ्याच कोणीतरी उचलला होता. तो कोणी, कशातून आणि किती उचलला हे समजायला मला दोन दिवस लागले. फेडायला सहा महिने गेले, आणि तरी सगळं फिटलं नाहीच. ग्रामभेटीला मुलं घेऊन जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. टोल्याचं (म्हणजे छोट्या वस्तीचं) नाव, तालुका आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. का गाळली, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

मी नागपुरात समाजकार्य शिकवतो. पहिल्या सत्रात मुलांना एका गावाचा अभ्यास करायचा असतो. सत्र जुलैत सुरू होतं, म्हणून भेटही जुलैतच ठरते. या वाक्यातच पहिली चूक दडलेली आहे, पण तेव्हा ती दिसली नाही.

त्या वर्षीच्या तुकडीतल्या एका मुलाचा रूममेट भंडारा जिल्ह्यातला, ढिवर समाजाचा. त्याच्या मामाचं घर गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये पाण्याने वेढलेल्या एका टोल्यावर. ‘बेटावरचं गाव’ म्हटल्यावर मुलांचे डोळे चमकले. खोटं कशाला बोलू, माझेही. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, “या ना सर, काय होते त्याले.” त्याने मामाला फोन केला, मामा “बरं” म्हणाले. आम्ही समजलो, गावाने बोलावलं.

वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. ३३ दरवाजांचं हे धरण पाणी अडवू लागल्यापासून मागे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या शिवारात फुगवटा शिरला. ‘बॅकवॉटर’ हा शब्द आता तिथल्या म्हाताऱ्या बायांच्याही तोंडी बसला आहे. कित्येक गावं उठली, नवी गावठाणं वसली, मोर्चे झाले, २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं.

आमचा टोला कागदावर उठलेलाच आहे. प्रत्यक्षात टेकाडावर २३ घरं नांदतात. बहुतेक ढिवर, चार घरं गोवाऱ्यांची. पलीकडच्या गावठाणात त्यांचे भूखंड आहेत, काहींनी तिथे खोल्याही बांधल्या आहेत. पण जाळं टाकणाऱ्याला पाण्याला धरूनच राहावं लागतं, आणि टेकाडावरच्या धानाच्या बांध्या (खाचरं) बुडालेल्या नाहीत. म्हणून काही जण गेले आणि परत आले, काही गेलेच नाहीत. टोल्याच्या पाठीला नदीचं पात्र आहे आणि पुढ्यात एक नाला. उन्हाळ्यात त्या नाल्यातून बंडी जाते. पावसाळ्यात फुगवटा आत आला की बंडीची वाट पाण्याखाली जाते, ती होळीच्या आगेमागे उघडी पडते. मधले सगळे महिने अर्ध्या-पाऊण किलोमीटरचं पाणी डोंग्याने (लहान होडीने) ओलांडायचं. चौथीपर्यंतची शाळा आहे, अंगणवाडी आहे, एक हातपंप आहे. मोबाइलची रेंज फक्त शाळेच्या झेंड्याच्या खांबाजवळ येते.

सकाळ

सात मुलं-मुली, एक सहकारी मॅडम आणि मी. आखाड संपत आला होता. सकाळी साडेसहाला काठावर पोचलो तर मामा डोंगा घेऊन उभेच होते. एका खेपेला चार माणसं, म्हणजे तीन खेपा. आमच्याकडे लाइफ जॅकेट चारच होती. ती आधी पलीकडे जायची, मग मामा ती घेऊन परत यायचे. असं करता करता सव्वानऊ वाजले. पलीकडच्या काठावर आठ-नऊ बाया डोक्याला पदर बांधून, हातात डबे घेऊन बसल्या होत्या. आमची शेवटची खेप उतरल्यावर त्या डोंग्यात चढल्या. मी नमस्कार केला. एकीने हसून मान हलवली. एवढंच.

टोल्यावर शिरताच लोकांनी वह्या पाहिल्या आणि काय समजायचं ते समजले. घराघरांतून कागद बाहेर येऊ लागले. एका आजीने कोनाड्यातून पत्र्याचा डबा काढला. डब्यात कॅरीबॅग, तिच्यात आणखी एक कॅरीबॅग, आणि तिला जाळ्याच्या नायलॉन धाग्याच्या गाठी मारलेल्या. तिने त्या दाताने सोडल्या. आत रेशनकार्ड, नवऱ्याच्या नावचा जुना सातबारा, पुनर्वसनाची एक नोटीस आणि घडीवर फाटलेला एक अर्ज, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का. आमच्यातल्या एका मुलीने कागदांचे फोटो घेतले. आजीने विचारलं, “हे वर जाईल ना?”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. सांगितलं पाहिजे हे मला कळत होतं, तरी दोन-चार सेकंद मी गप्प राहिलो. मग म्हटलं, “आजी, आम्ही सरकारी नाही. ही पोरं शिकायला आली आहेत.” आजी रागावली नाही. कागद एकावर एक ठेवले, पिशवी गुंडाळली आणि धाग्याच्या तीन गाठी मारल्या, प्रत्येक गाठ ओढून पाहत. तोवर आम्ही सगळे तिच्या दारात उभे.

खरं तर ही ओळख काठावर उतरता उतरताच द्यायला हवी होती, आणि ती मी द्यायला हवी होती, मुलांनी नव्हे. पण तेव्हा मी लाइफ जॅकेटं मोजत होतो.

पुढचा दीड तास प्रश्नावली चालली. सहा पानं, ८४ प्रश्न. ‘पिण्याच्या पाण्याचा स्रोत’ या प्रश्नावर एक म्हातारे बुवा म्हणाले, “पंपाचं पितो बाप्पा. नदीचं कसं पिनार? तुमची नागनदी कन्हानात, कन्हान वैनगंगेत. तुमी नागपुरात जे धुता ते आमच्यापाशी येते.” मुलं हसली. बुवा हसले नाहीत.

दुपारी मामीने जेवायला बसवलं. आमच्याजवळ डबे होते, पण मामींनी दोन कोंबड्या कापल्या होत्या. भात, रस्सा, जवसाची चटणी. डबे तसेच पिशवीत राहिले.

अडचण

दोन वाजता परत निघायचं ठरलं होतं. पावणेदोनला मामा येऊन म्हणाले, “सर, पानी गढूळ झालं. फेस येऊन रायला. आताच निघा.”

मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं. मोबाइलवरचा अंदाजही ‘हलका पाऊस’ इतकाच. आणि नेमक्या त्याच वेळी अंगणवाडीत बचत गटाच्या बाया जमत होत्या. पूर्ण दिवसातली हीच एक बैठक मला खऱ्या अर्थाने हवी होती. मी म्हणालो, “मामा, अर्धा तास.”

मामा काही बोलले नाहीत. पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नसतं, म्हणून बोलले नाहीत. मी मात्र त्याचा अर्थ होकार असा लावला. या प्रकरणातला सर्वात महाग निर्णय हाच. तो घ्यायला पाच सेकंदही लागले नाहीत.

वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून येते. तिथल्या संजय सरोवर धरणातून सुटलेलं पाणी, बाघ नदीचं, बावनथडी नदीचं, सगळं हिच्यात. पेंच नदीवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांचं पाणी कन्हानमधून येऊन अंभोऱ्याला हिला मिळतं. २०२० च्या ऑगस्टअखेर भंडाऱ्यात जो महापूर आला, त्यात या वरच्या धरणांतून सुटलेल्या पाण्याचा मोठा हात होता. म्हणजे टोल्यावर ऊन असणं याला काही अर्थच नाही. पाऊस मध्य प्रदेशात पडतो आणि पाणी इथे चढतं. हे मी वर्गात नकाशावर शिकवलेलं होतं. अंदाज बघताना मात्र मी भंडाऱ्याचा पाहिला. शिवनी-बालाघाटचा पाहायचं सुचलं नाही.

बैठक अर्ध्या तासाऐवजी पन्नास मिनिटं चालली. काठावर आलो तेव्हा सकाळी थिजल्यासारखा पडलेला नाला वाहत होता. बेशरमाची झुडपं कमरेपर्यंत बुडालेली, मधून लाकडाचे ओंडके जात होते. मामांनी काठाशी एक बांबूची काडी रोवून ठेवली होती. तिच्यावर कोयत्याने खाचा केलेल्या. “मघा इथं होतं,” त्यांनी बोट ठेवलं. मग वीतभर वर बोट नेलं. “आता इथं. आता डोंगा टाकत नाई मी.”

सकाळी काठावर भेटलेल्या, रोवणीला (भातलावणीला) गेलेल्या बाया पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या दिसत होत्या. त्याही अडकल्या होत्या, पण पलीकडे. रात्री त्या गावठाणातल्या नातेवाइकांकडे राहिल्या.

समोर काय काय होतं

एक मुलगा म्हणाला, दुसऱ्या डोंगेवाल्याला जास्त पैसे देऊ. त्याची दुसऱ्या दिवशी कुठलीशी परीक्षा होती आणि घरून फोनवर फोन येत होते. दुसरा डोंगेवाला तरुण होता, कदाचित तयारही झाला असता. हा पर्याय मी तिथल्या तिथे मोडून काढला, आणि त्याचं श्रेय मला नाही. मामांनी ‘नाही’ म्हटल्यावर त्यांच्यासमोर दुसऱ्याला विचारणं म्हणजे टोल्यावरच्या दोन घरांत भांडण लावणं, असं मॅडम हळूच बोलल्या. ते पटलं.

दुसरा पर्याय तालुक्याच्या आपत्ती कक्षाला फोन करून बोट मागवण्याचा. झेंड्याच्या खांबाखाली उभं राहून फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, “कोणी आजारी आहे का? जागा उंच आहे का? घरात पाणी आहे का?” तिन्हींची उत्तरं दिल्यावर म्हणाला, “मग थांबा साहेब. बोट जिथे घरात पाणी शिरलंय तिथे गेली आहे.” त्याचं बरोबरच होतं. मला तेव्हा राग आला, तो स्वतःवरचा होता.

तिसरा पर्याय म्हणजे राहणं. तो निवडला असं म्हणण्यात अर्थ नाही, तो एकच उरला होता.

पण राहण्यातही निर्णय होते, आणि ते कोणी आमच्यापुढे मांडून ठेवलेले नव्हते. नऊ माणसं कोणाच्या घरी जेवणार? मामांच्याच, की घराघरांत वाटून? मुली कुठे झोपणार? आणि महत्त्वाचं म्हणजे, अडकलोच आहोत तर ८४ प्रश्न पुरे करायचे का? मुलांचा कल तिकडे होता. दोघांनी तर उरलेल्या घरांची यादीही काढली होती.

काय केलं

प्रश्नावली बंद केली. लोक पाण्यामुळे घरीच आहेत, उठून जाऊ शकत नाहीत, आणि दारात आलेल्या पाहुण्याला हाकलू शकत नाहीत. अशा वेळी मिळालेल्या उत्तराला संमती म्हणता येत नाही. मुलं नाराज झाली. वह्या मी माझ्या पिशवीत ठेवल्या.

मुली आणि मॅडम अंगणवाडीत, मुलं आणि मी शाळेच्या ओसरीवर. रात्री एका मुलीला उलट्या-जुलाब सुरू झाले. टोल्यावरच्या आशाताईंनी पेटी उघडून ओआरएसची पाकिटं काढली आणि रात्रभर चमच्याने पाजलं. सकाळी मुलगी उठून बसली. पेटीत डोकावलो तर आणखी चारच पाकिटं शिल्लक होती. पाणी उतरेपर्यंत २३ घरांसाठी चार.

दुसऱ्या दिवशी मुलांनी ठरवलं की आपण मदत करू. मामांच्या बांधीत रोवणी राहिली होती, पऱ्हे (भाताची रोपं) काढून ठेवलेले होते. आजारी मुलगी सोडून बाकीचे सहा जण चिखलात उतरले. मुळं नीट दाबली न गेल्याने तासाभरात निम्मे पऱ्हे पाण्यावर तरंगू लागले. मामी आणि तिची सून मागून येऊन ते पुन्हा रोवत होत्या. शेवटी मामी म्हणाली, “पोट्टेहो, तुमी बांधावर बसा अन् गानी म्हना. तेवढीच मदत करा.” मुलं बांधावर बसली. गाणी काही म्हटली नाहीत, पण गप्पा मात्र तिथेच सुरू झाल्या, आणि या वेळी विचारणारे ते होते. नागपुरात खोलीचं भाडं किती? शिकून पगार किती मिळतो? तुमच्या घरी मासोळी खातात का? या मुलीचं लग्न का नाही झालं? मासोळी ओळखता येत नाही म्हणून एकाला पोरांनी पूर्ण संध्याकाळ चिडवलं, मरळीला तो कतला म्हणाला होता. आजीनेही एका मुलीला जवळ बसवून जाळ्याची गाठ कशी मारतात ते दाखवलं. तीच गाठ, कागदांच्या पिशवीवरची.

या दोन दिवसांत आम्हाला टोल्याबद्दल जे कळलं त्यातलं निम्मंसुद्धा त्या सहा पानांत मावलं नसतं. पण हे लिहिताना संकोच वाटतो. ज्या अडकण्याने त्यांना खर्चात पाडलं, त्याच अडकण्याचा आम्हाला फायदा झाला.

हिशोब

खर्चाचा पहिला धागा दुसऱ्या दिवशी दुपारी हाती लागला, तोही चुकून. अंगणवाडी सेविका ताई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, “गुत्ता गेला ना आमचा.” मी विचारलं. त्यांनी टाळलं. पुन्हा विचारल्यावर सांगितलं.

सकाळी काठावर बसलेल्या त्या नऊ बाया म्हणजे रोवणीचा एक गुत्ता, ठेक्याने काम घेणारी टोळी. पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या बांध्या त्यांनी चार दिवसांसाठी घेतल्या होत्या. सातला चिखलात उतरायचं होतं. मामांचा डोंगा साडेसहापासून आम्हाला आणण्यात गुंतला. बाया दहानंतर पोचल्या, तोवर शेतकऱ्याने दुसरा गुत्ता लावला होता. रोवणीच्या दिवसांत पऱ्हे आणि चिखल कोणासाठी थांबत नाहीत, शेतकऱ्याचंही चूक नव्हतं. नऊ बायांचा चार दिवसांचा रोज गेला, आणि रात्रही परक्या ओट्यावर काढावी लागली.

मी काठावर त्यांना नमस्कार केला होता.

मामांनी हे आम्हाला सांगितलं नाही, भाच्याने ‘सर येणार’ म्हणून सांगितलेलं. बायांनी मामांना अडवलं नाही, कारण पाहुणे मामांचे. म्हणजे एका घराच्या ‘बरं’ या शब्दावर आम्ही अख्ख्या टोल्याची सकाळ घेतली.

दुसरा हिशोब तांदळाचा. जुलै-ऑगस्ट म्हणजे टोल्यावरचे कडकीचे दिवस. मागच्या हंगामाचं धान ढोलीच्या तळाला गेलेलं, नवं दिवाळीच्या सुमारास. पुरात जाळं टाकता येत नाही, म्हणून मासोळीही नाही आणि तिचे पैसेही नाहीत. भाजी म्हणजे तरोटा (रानभाजी), नाहीतर वास्ते (बांबूचे कोंब). अशा दिवसांत नऊ तोंडं. वाळलेलं सरपण तर तांदळाहून मोलाचं, कारण ते पावसाळ्यात कुठून आणणार.

दुसऱ्या दिवशी रात्री मी मामांना बाजूला घेऊन तीन हजार रुपये पुढे केले. मामांनी हात मागे घेतला आणि उठून गुरांकडे गेले. आतून मामीचा आवाज आला, “आमी का खानावळ चालवतो?” पुढचा तासभर घरात कोणी माझ्याशी बोललं नाही.

पैसे देण्यात चूक नव्हती असं अजूनही काही सहकारी म्हणतात. असेलही. पण निदान ते कसे द्यायचे हे मी आधी कोणाला तरी विचारायला हवं होतं. सेविका ताईंना विचारलं ते नंतर. त्यांनी दोन वाक्यांत सोडवलं. “पहिल्या जेवनाचं बोलूच नका सर, तो पाहुनचार. त्याच्या पुढचं उसनं समजा, इथं उसनं चालते.”

उसनं म्हटल्यावर सगळं सोपं झालं. मामी पुन्हा बोलू लागली. आम्हीच दुसऱ्या दिवशीचा तांदूळ पायलीने मोजून घेतला, ताईंनी अंगणवाडीच्या भिंतीवर खडूने लिहिलं: तांदूळ चार पायल्या, लाखोळीची डाळ एक, तेल अर्धा किलो. ओआरएस मी त्याखाली लिहायला लावलं. आशाताई म्हणाल्या, ते सरकारी आहे. म्हटलं, तरी लिहा. सरपण कसं लिहायचं कोणालाच सुचेना, ते तसंच राहिलं. गुत्त्याचंही.

परिणाम

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या काडीवर पाणी दोन हात खाली गेलेलं होतं. आजारी मुलगी आणि मॅडम पहिल्या खेपेला, मी शेवटच्या. पलीकडे त्या नऊ जणी परतायला उभ्या होत्या. मी थांबून माफी मागितली, झालेल्या नुकसानीचं विचारलं. त्यांच्यातली मोठी बाई म्हणाली, “तो दिवस गेला सर.” आणि डोंग्यात चढली. नंतर सेविका ताईंमार्फत गुत्त्याच्या रोजाची रक्कम पाठवायचा प्रयत्न केला, ती परत आली. त्यांच्याशी आमचं उसन्याचंही नातं नव्हतं, मग त्या कशाच्या नावाखाली घेणार? ते देणं अजून तसंच आहे.

परतल्यावर एका वार्ताहराचा फोन आला. एका मुलाने पहिल्या दिवशी खांबाखाली उभं राहून टाकलेली रील त्याने पाहिली होती. महाविद्यालयालाही ‘पुरात अडकलेल्या विद्यार्थ्यांची सुटका’ ही बातमी नको होती असं नाही. मामांना विचारलं तर ते म्हणाले, “नाव नका टाकू सर. नाव आलं का नोटिसा येतात. म्हनतात, धोक्याच्या जागी राहता, उठा.” रील काढायला लावली. बातमी दिली नाही. आजीच्या कागदांचे फोटो त्या मुलीने स्वतःहून पुसले, पण त्याआधी अर्जाचा आवक क्रमांक लिहून घेतला आणि संबंधित कार्यालयात जाऊन चौकशी केली. तिथे जे उत्तर मिळालं ते तिने आजीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं: फाईल सापडत नाही, नव्याने अर्ज द्या. अर्ज तिनेच लिहून दिला. त्याचं पुढे काय झालं हे लिहिण्यासारखं अजून काही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भेट जुलैत नको होती. बॅकवॉटर पाहायचं तर जानेवारीत जावं. पाणी भरपूर असतं पण निवांत, धान घरात आलेलं असतं, बायांना दुपार मोकळी असते. सत्र जुलैत सुरू होतं ही आमची अडचण, टोल्याची नव्हे. आता आम्ही पहिल्या सत्रात काठावरच्या गावांत जातो आणि टोल्यावर दुसऱ्या सत्रात.

आधी एकट्याने जाऊन यायला हवं होतं. एक माणूस, रिकाम्या हाताने, प्रवाशांच्या नेहमीच्या खेपेला डोंग्यात बसून. डोंगा किती वाजता कोणासाठी निघतो एवढं एक जरी तेव्हा विचारलं असतं, तरी त्या बाया सातला चिखलात असत्या. बेटावर डोंगा म्हणजे रस्ता, दवाखान्याची गाडी आणि मजुरीची वाट, तिन्ही एकच.

तीन दिवसांचा शिधा आणि औषधं सोबत हवी होती, एका दिवसाची भेट असली तरी. माणसं नऊ तर लाइफ जॅकेट नऊ. यावर जास्त बोलायला नको.

आणि मामा ‘आताच निघा’ म्हणाले तेव्हा निघायला हवं होतं. यावर सहकाऱ्यांशी बराच वाद झाला. एक जण म्हणाले, बैठक सोडून आला असतात तर जमलेल्या बायांचा अपमान झाला असता. मी नंतर सेविका ताईंना हे विचारलं. त्या म्हणाल्या, “आमीच उठनार होतो सर. पानी दिसत होतं ना आमाले. तुमी बसले म्हनून बसलो.”

जानेवारी

संक्रांतीनंतर आम्ही चौघं गेलो. मॅडम, कागदांचे फोटो घेतलेली ती मुलगी, रीलवाला मुलगा आणि मी. पाणी आरशासारखं पडलं होतं, पलीकडे थव्याने बदकं उतरलेली. मामांना आधी फोन करून डोंग्याची वेळ विचारली. म्हणाले, “दहाच्या खेपेले या, तवा रिकामा असतो.”

सोबत तांदूळ, डाळ, तेल आणि ओआरएसचा एक खोका होता. मुलाने हट्टाने एक मोळी वाळलेलं सरपणही डोंग्यात टाकलं. ते पाहून मामा मोठ्याने हसले, जानेवारीत टोल्यावर सरपणाला काय तोटा. पण उतरवून घेतलं. दोन कोंबड्याही आणल्या होत्या. मामीने त्या हातातही घेतल्या नाहीत. “त्या पाहुनचारात गेल्या,” म्हणाली. कोंबड्या परत आल्या.

मग ओसरीवर सूप ठेवून तिने पायली काढली. मी पिशवीतून तांदूळ ओतला, शीग लावून, जरा जास्तच. मामीने तळहाताची कड पायलीच्या तोंडावरून सरळ फिरवली. वरचा तांदूळ सुपात पडला, तो तिने ओंजळीत धरून माझ्या पिशवीत टाकला.

“सपाट दिलं होतं,” ती म्हणाली, “सपाटच घीन.”

चारही पायल्या तिने तशाच मोजल्या.